न वाचता दिलेला अंगठा

आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांत आधी अंगठा माझा असतो. कुणाच्या मुलीचा साखरपुडा, कुणाचा गणपती, कुणाची हरवलेली छत्री, आला मेसेज की दे अंगठा. वाचायचं नंतर. बहुतेक वेळा ते नंतर येतच नाही. या सवयीला मी इतकी वर्षं मनमिळाऊपणा म्हणत होतो.

मी विजेच्या मीटरचं रीडिंग घेतो. म्हणजे मी कुणाचा नोकर वगैरे नाही. एका एजन्सीनं आम्हा आठ जणांना कंत्राटावर घेतलंय आणि जितके मीटर तितके पैसे. डहाणू गावातले, स्टेशनकडचे, किनाऱ्यालगतचे मीटर सात जणांत वाटलेत. सायवनकडचे पाडे एकटी एक ताई करते, कारण ती तिथलीच. आम्हाला एका जिन्याखाली दहा मीटर सापडतात. तिच्या दोन मीटरांच्या मध्ये एक ओढा, एक टेकाड आणि एक कुत्रा असतो. म्हणून पाड्यांचा दर पहिल्यापासून जास्त. त्यावर आमच्यापैकी कुणी कधी कुरकुर केली नाही, कारण त्या दरातही तिकडे जायची आमची तयारी नव्हती.

शुक्रवारी सकाळी मी असाच एका बिल्डिंगच्या जिन्याखाली, केसांत कोळिष्टकं घेऊन, मीटरचा फोटो काढत होतो. फोन वाजला. एजन्सीच्या सुपरवायझरनं ग्रुपवर कसलीशी फाइल टाकली होती. फाइल म्हणजे उघडावी लागणार, उघडायची म्हणजे चष्मा, चष्मा स्कूटरच्या डिकीत. दिला अंगठा. अर्ध्या तासात त्याखाली आणखी सहा अंगठे जमले.

शनिवारी संध्याकाळी आमच्यातल्या एकाचा फोन.

"काका, ते दर कापलेत ना हो! मीटरमागे कमी केलेत, आणि पाड्यांचा जादा दर तर उडवूनच टाकलाय. तुम्ही अंगठा कसा दिला?"

"तू कसा दिलास?"

"तुम्ही दिला म्हणून. म्हटलं, काकांनी वाचलं असेल."

बाकी पाच जणांनाही फोन केले. प्रत्येकानं हेच उत्तर दिलं, जणू सगळ्यांनी मिळून पाठ केलं होतं. माझ्या वाचनावर लोकांचा एवढा विश्वास आहे हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं, आणि कळलं तेही अशा वेळी.

बायको ओट्यावर सुकट निवडत बसली होती. तिचं माहेर कोळीवाड्यातलं. बोलणं सगळं तिनं ऐकलं होतं.

"अहो, मी पाटीत हात घालून तळाची सुकट वर काढते, वास घेते, मग भाव बोलते. आणि तुम्ही? पदवीधर अंगठाबहाद्दर!"

"अगं, सगळ्यांनीच दिला."

"सगळ्यांनी नाही. तुम्ही दिला. त्यांनी तुमच्यामागून दिला."

सोमवारी सकाळी तलासरी गाठली. तिथं एका हार्डवेअरच्या दुकानावर एजन्सीची खोली आहे. एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक पंखा, जो फक्त सुपरवायझरकडे तोंड करून फिरतो. मी गाडीवर येताना कडक भाषण जुळवलं होतं. त्यातली दोन वाक्यं झाली असतील.

"काका, मी काय करू? वरून आलंय. सात लोकांनी हो बोललंय, आणि सगळ्यात पहिले तुम्ही! मी तर तुमचा स्क्रीनशॉट वर पाठवला. बोललो, आमचा सिनियर माणूस पण खूश आहे."

"खूश आहे असं मी कुठं लिहिलं?"

"अंगठा वरच होता ना, काका."

मी पाणी मागितलं. पाणी देता देता त्यानं खरी गोम सांगितली. त्याला आठ अंगठ्यांची यादी पूर्ण करून पाठवायची होती. आठवा, सायवनच्या ताईचा, आलाच नव्हता. तिच्या घरी रेंज नाही.

"यादी पूर्ण झाल्याशिवाय तुम्हा सगळ्यांच्या पैशांचं बिल वर जात नाही. तुमचं ती ऐकते. जरा जाऊन अंगठा घेऊन या ना. मग मोकळे."

आणि मी निघालो की! भांडायला गेलेला माणूस निरोप्या होऊन बाहेर पडला. उधव्याच्या रस्त्यानं स्कूटर हाकताना मला राग कुणाचा आला असेल? त्या ताईचा. एका बाईपायी सात जणांचं बिल अडलं म्हणून. दर तिचा सगळ्यांत जास्त कापला जाणार होता, हे मला ठाऊक होतं. तरी राग तिचाच. वाटेत गाडी पंक्चर झाली, तेव्हा तोही मी तिच्याच खात्यावर टाकला.

पोचलो तेव्हा साडेतीन झाले होते. ती नुकतीच पाड्यांवरून आली होती. पडवीत बसून पायातले काटे काढत होती.

"काय काका, डहाणूतले मीटर संपले की काय?"

तिच्या सासूनं कोरा चहा आणून दिला. मी इकडचं तिकडचं बोलून घेतलं आणि मग मुद्द्यावर आलो. बिल अडलंय, आता झालं ते झालं, एजन्सीशी वाकडं घेऊन कुठं जाणार, वगैरे. तिनं मला पूर्ण बोलू दिलं. ती ऐकत होती तसतसा माझा आवाज बारीक होत गेला.

"फाइलीत काय लिहिलंय?" तिनं विचारलं.

"दर कमी केलेत."

"ते कळलं. लिहिलंय काय?"

मी फोन काढला. फाइलवर बोट ठेवलं. नुसतं चाक फिरत राहिलं. फाइल मी आजवर एकदाही उघडली नव्हती, आणि आता उघडायला रेंज नव्हती.

"म्हणजे तुम्ही अजून वाचलं नाही?" ती काटा काढायची थांबली. "आणि माझा अंगठा मागायला सायवनपर्यंत आलात?"

सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मी चहा संपवून कप खाली ठेवला.

गावाबाहेर एक चढ आहे, तिथं रेंज मिळते. रिचार्ज असो, नातेवाइकांचा फोन असो, सगळे तिथंच जातात. ती माझ्या मागं स्कूटरवर बसली. चढावर पोचलो तसा तिचा फोन वाजू लागला, टिंग, टिंग, टिंग. तीन दिवसांचे अंगठे एका दमात येत होते.

"सात," ती म्हणाली. "छान."

मग तिनं माझ्या फोनवर फाइल उघडली आणि मोठ्यानं वाचायला घेतली. शाळेत धडा वाचावा तशी, एकेक शब्द सोडवत. दुसऱ्या पानावर खाली बारीक अक्षरात एक ओळ होती. सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत लेखी नकार न आल्यास नवीन दर मान्य आहेत असे समजण्यात येईल.

म्हणजे तिनं काहीच केलं नसतं तरी तिची संमती धरली गेली असती. सुपरवायझरनंही ते वाचलं नव्हतं! नाहीतर त्यानं मला पाठवलं कशाला असतं? गप्प बसला असता तर पाच वाजता त्याचं काम आपोआप झालं असतं.

घड्याळात पाचला वीस कमी होते. ती दगडावर बसून आपल्या फोनवर लिहू लागली. मी आपलं सुचवायला गेलो, "सुरुवातीला 'सविनय' असू दे."

"काका, मला लिहू द्या."

तिनं लिहिलं: "मी सायवन भागातील पाड्यांचे रीडिंग घेते. नवीन दर मला मान्य नाही. पाड्यांचा दर आहे तोच राहिला पाहिजे." पाठवलं. मेसेज जाईना. ती फोन वर धरून चढ चढत गेली, मी मागून धापा टाकत. वीजवाहिनीच्या खांबापाशी दोन टिका उमटल्या. पाचला सात मिनिटं कमी.

मग तिनं माझा फोन माझ्या हातात दिला. "तुमचं तुम्ही बघा. माझं मी लिहिलं."

बिल डोळ्यांसमोर आलं. हप्ता आला. घरी सुकट निवडत असलेली बायको आली, आणि खरं सांगायचं तर जास्त भीती तिचीच वाटली. मी अंगठा काढून टाकला आणि लिहिलं: "मी न वाचता होकार दिला होता. आज वाचले. मान्य नाही."

पाचच्या आत खाली आणखी सहा नकार आले. मी एकाला फोन लावला. "तू तरी वाचलंस का रे?"

"नाही काका. तुम्ही लिहिलंय ना, वाचलं म्हणून!"

मी कपाळावर हात मारला. ताई इतकी हसली की तिला पुन्हा दगडावर बसावं लागलं.

पुढचे आठ दिवस एजन्सी आमच्यावर गुरगुरत होती. शेवटी निकाल असा लागला: सायवनच्या पाड्यांचा दर जुनाच राहिला. तिचा होकार कधी आलाच नव्हता, आणि त्या ओढ्याटेकाडांतून जाणारं दुसरं माणूस तलासरीच्या त्या खोलीला मिळेना. आम्हा सात जणांचा आधीचा होकार वर नोंदला गेला होता. आमचा दर कापला तो कापलाच. बिलाचे पैसे आले, नव्या दरानं.

"बरं झालं," बायको म्हणाली. "निदान तिचं तरी वाचलं." मग पुढचे पंधरा दिवस मला रात्री भाजीच मिळाली. मासळी नव्या दरात बसत नाही म्हणे.

परवा एजन्सीनं आम्हाला पुन्हा बोलावलं. या वेळी कागद होता, खाली आठ सह्यांच्या रेघा. सुपरवायझरनं सवयीनं तो माझ्यापुढं सरकवला. मी चष्मा लावून तयार होतो. या खेपेला तो डिकीत न टाकता खिशातून आणला होता. पण माझ्या शेजारच्यानं कागद हळूच उचलला, माझ्यावरून पुढं नेला आणि ताईच्या हातात दिला. ती खिडकीपाशी जाऊन पहिल्या ओळीपासून वाचू लागली, आणि आम्ही सात जण पेनं धरून तिचं वाचून होण्याची वाट पाहत बसलो.