न मागितलेली भेट: नागपूरहून तुरुंगापर्यंत दोन दिवस

मागच्या पोस्टनंतर काही जणींनी विचारलं होतं की तुरुंगात स्वयंसेवक म्हणून जायचं असेल तर काय करावं लागतं. या पोस्टमध्ये ते सांगते. मात्र ही सहल छान झाली असं लिहिता येणार नाही.

मी शाळेत मराठी शिकवते. दर दोन-तीन महिन्यांनी आमच्या छोट्या गटातर्फे पूर्वेकडच्या एका जिल्हा कारागृहात जाते. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. तिथे महिला विभागात बसून बायकांची पत्रं लिहून द्यायची, ज्यांना शिकायचं असेल त्यांना अक्षरं शिकवायची, एवढंच आमचं काम. एक नियम आम्ही कडक पाळतो: कोणाला गुन्हा विचारायचा नाही.

रेखा तिथे चार वर्षांपासून कच्ची कैदी आहे, म्हणजे खटला अजून चालूच आहे. वय तिशीच्या आसपास. दर वेळी ती आईला पत्र लिहून घ्यायची. 'तब्येत सांभाळ. पाठ दुखत असन तं शेकून घे. वाडीतल्या वांग्याले पाणी देत जाय.' उत्तर एकदाही आलं नाही. भेटायलाही कोणी आलं नाही. पाचवं पत्र लिहून झालं तेव्हा मी मनात ठरवून टाकलं की आता हिची आईच आणून तिच्यासमोर उभी करायची. पत्ता माझ्याकडे होता. रेखाला मी काही बोलले नाही. तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता.

गुरुवारी सकाळी सातला नागपुरातल्या सक्करदऱ्याहून निघालो. गाडी देवरावकाकांची, म्हणजे आमच्या शेजाऱ्यांची. कोर्टात कारकून होते, निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. गटाची सगळी कागदपत्रं तेच करतात आणि स्वतःची जुनी व्हॅन स्वतःच चालवतात. उमरेडपर्यंत रस्ता उत्तम आहे, फक्त कोळशाच्या ट्रकच्या मागे अडकलात तर काच वर करून घ्या. उमरेडला तर्री पोहे खाल्ले. शेजारच्या टेबलावर वाघ बघायला निघालेलं पुण्याचं कुटुंब होतं. "तुम्हीपण सफारीला?" त्यातल्या बाईंनी विचारलं. मी "जेलात" म्हटलं आणि त्यांनी मुलांच्या ताटल्या स्वतःकडे ओढून घेतल्या.

भिवापूर, नागभीड गेलं तोवर काकांचा मूड चांगला होता. नागभीडच्या पुढे आम्ही रेखाच्या गावाचा फाटा घेतला आणि रस्ता संपला. पावसाळा नुकताच सरला होता. डांबर वाहून गेलेलं, नुसती गिट्टी उरलेली. दोन ठिकाणी नाल्यावरून अजून पाणी चाललं होतं. अठरा किलोमीटरला दीड तास लागला. मधे टायर फुटलं. जॅक चिखलात रुतत होता, म्हणून धानाच्या बांधावरचा एक सपाट दगड मी उचलून आणला.

"पोरी, तिनं बोलावलं हाये ना मायले?" चाक बसवताना काकांनी विचारलं.

"पत्रं लिहिते ना ती दर वेळी."

"ते नाही विचारून राहिलो मी. बोलावलं का, म्हणतो."

"काका, चार वर्षांत आई बघितली नाही तिनं."

काका चाकाचे नट आवळायला लागले. या मार्गाने जाणार असाल तर स्टेपनी तपासूनच निघा, आणि नागभीडनंतर पेट्रोल पंपाची वाट बघू नका.

शेवंताबाई, म्हणजे रेखाची आई, दारातच उभ्या होत्या. साठीच्या पुढच्या, बारीक, ताठ बाई. मी आधी नंबर मिळवून फोन केला होता तो त्यांच्या मुलाने उचलला होता. रेखाचा हा भाऊ मला फार सज्जन वाटला. भेटीसाठी मोबाईलवरून नाव नोंदवावं लागतं, ते त्याने स्वतः करून ठेवलं होतं. आधार कार्डाची झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिली. त्याची दोन लहान मुलं अंगणात खेळत होती. "आईले सांभाळून न्या, मॅडम," तो म्हणाला. "तुमचे उपकार होतीन." मला भरून आलं. आज ते आठवलं की स्वतःचाच राग येतो.

संध्याकाळी सहाला जिल्ह्याच्या गावी पोचलो. बसस्टँडसमोरच्या लॉजमध्ये आठशेला बरी खोली मिळते, गरम पाणी सकाळी सातपर्यंतच. मी आणि शेवंताबाई एका खोलीत. जेवून आलो तर त्या पलंगाच्या कडेला बसून डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या. मला वाटलं, देवाचं नाव घेताहेत. मी आवाज न करता दार लोटून घेतलं.

शुक्रवारी दहा वाजता फाटकावर. स्वयंसेवकांना अधीक्षकांचं परवानगीपत्र लागतं आणि ते आधी महिनाभर तरी मागावं लागतं. मोबाईल, पैसे, किल्ल्या, सगळं बाहेर. नातेवाइकांची रांग वेगळी. शेवंताबाईंनी घरून तिळाची चटणी आणली होती, ती आत नेऊ दिली नाही. तिथल्या एका ओळखीच्या महिला शिपायाला मी विनंती केली, "बाई पहिल्यांदाच आल्यात, मी सोबत उभी राहू?" तिने मान डोलावली.

भेटीच्या खोलीत दोन जाळ्या आहेत, मधे हातभर अंतर. एका वेळी पाच-सहा जण असतात आणि सगळेच ओरडून बोलतात. पलीकडच्या दारातून रेखा आली. तिने आधी मला पाहिलं आणि हसली. मग शेजारी पाहिलं. तिचं हसू तिथल्या तिथे गेलं.

शेवंताबाई रडल्या. खरंच रडल्या, मी शेजारीच होते. मग पदराने डोळे पुसले आणि एका दमात बोलायला लागल्या, शाळेतली मुलं पाठ म्हणतात तसं.

"रेखे, आता तारीख हाये तुही. तू कोर्टात सांगून दे, का मी एकटीनंच केलं. भावाचा काही संबंध नाही म्हणून. त्याचे लेकरं लहान हायेत. त्याले सजा लागली तं कोण पाहीन त्यायले? तुह्यामागं कोणी नाही. तू सांगून दे."

मला समजायला वेळ लागला. नंतर काकांनी कोर्टातल्या ओळखीने चौकशी करून उलगडून सांगितलं ते असं: भावाची बायको मेली होती, गुन्हा भाऊ-बहीण दोघांवर. भाऊ जामिनावर सुटला. रेखाचा जामीन घ्यायला घरून कोणी आलंच नाही. कोणी काय केलं, मला माहीत नाही. ते ठरवणं माझं काम नव्हे. पण आदल्या संध्याकाळी त्या पलंगावर बसून शेवंताबाई काय घोकत होत्या, ते मला तेव्हा कळलं.

रेखाने जाळी धरली नव्हती. हात खाली होते.

"हे कोणी शिकवलं तुले?" तिने आईला विचारलं.

"कोणी नाही शिकवलं वं. मले समजत नाही का?"

"माहे पत्रं भेटले?"

"भेटले."

"वाचून घेतले कोणाकडून?"

शेवंताबाई पदर सारखा करायला लागल्या. रेखाने माझ्याकडे पाहिलं.

"ताई, तुम्ही आणलं हिले?"

"हो."

"मी म्हटलं होतं का?"

"नाही."

"पत्रात माही माय बरी होती, ताई," ती म्हणाली, आणि वेळ बाकी असताना वळून आत निघून गेली.

दुपारी महिला विभागात सात बायकांची पत्रं लिहिली. रेखा आली नाही. एकीने सांगितलं, "झोपली हाये ते." अकरा वाजल्यापासून तिने तोंडावरून चादर काढली नव्हती.

परतीच्या वाटेवर शेवंताबाई मागच्या सीटवर. दहा किलोमीटर मागे पडले. मग त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमचं आयकते ते. तुम्ही सांगून पाहा ना तिले."

काकांनी व्हॅन बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. "पोरी, इथून या बाईले बस भेटते. उतरवून देऊ?"

मला तेच हवं होतं. मी वळून शेवंताबाईंकडे पाहिलं. चटणीचा डबा मांडीवर, दोन्ही हात त्यावर.

"मले दोनच लेकरं," त्या म्हणाल्या, आवाज न चढवता. "एक तं वाचू द्या."

मी काकांना चला म्हटलं. तोच अठरा किलोमीटरचा रस्ता, तेच नाले. प्रत्येक खड्ड्यात व्हॅन आपटत होती. मला त्या बाईचा संताप येत होता, तरी तिची पाठ दुखत असेल म्हणून मी काकांना हळू चालवा म्हणत होते. गावात भाऊ रस्त्यावरच वाट बघत होता. चहा घ्या म्हणाला. आम्ही खाली उतरलो नाही.

घरी पोचले तोवर गटाच्या फेसबुक पानावर फोटो झळकला होता. सकाळी फाटकाबाहेर काकांनी काढलेला, मी आणि शेवंताबाई. खाली ओळ: 'चार वर्षांनी मायलेकींची भेट.' शंभरावर लोकांनी हात जोडले होते. आमच्या समन्वयक ताईंना फोन केला, काय घडलं ते सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, पण भेट तर झाली ना? लोकांना प्रेरणा मिळते." तीन दिवस भांडले तेव्हा तो फोटो उतरला.

रेखाने कोर्टात काहीही कबूल केलं नाही, एवढं महिला शिपायाकडून समजलं. खटला चालू आहे. ती आतच आहे.

त्यानंतर मी एकदा जाऊन आले. एका वकील बाईंशी बोलून ठेवलं होतं, त्या फी न घेता तिच्या जामिनासाठी अर्ज करायला तयार होत्या. या वेळी आधी विचारायचं होतं. रेखा अजूनही माझ्यासमोर येत नाही, म्हणून शिपाईबाईंकडे निरोप दिला: वकिलांना तुझं प्रकरण बघू देऊ का? मी व्हरांड्यात थांबले. दहा मिनिटांनी त्या परत आल्या.

"नको म्हणते," त्या म्हणाल्या. "म्हणे, ताईले सांगा, विचारलं ते बरं केलं. पण तुमच्या हातून नको."