रूपाबाईचं म्हणणं

रूपाबाई तोंडाची फटकळ, हे नरसीच्या बाजारात कुणालाही विचारा. मिरचीवाल्यानं मापात मारलं की त्याच्या साता पिढ्यांचा उद्धार व्हायचा. पण हीच बाई तांड्यात शिरली, की पदर हनुवटीपर्यंत उतरायचा अन् तोंडाला कुलूप. कारण तांड्याचा नायक वसराम हा तिचा सासरा. सून सासऱ्यापुढं बोलत नाही, ही तिथली रीत. बोलायचंच झालं तर नवऱ्याच्या कानात सांगायचं, मग नवऱ्यानं ते बापाला सांगायचं. एकाच खोलीत तिघं बसलेली असली तरी हेच! हसू नका, तिथं कुणालाच त्यात हसण्यासारखं काही वाटत नव्हतं.

हिंगोली जिल्हा नवानवा झाला होता, तेव्हा तांड्याला नळयोजना आली. सरकारचा नियम असा, की पाणी समितीत बाया पाहिजेत अन् टाकीची जागा त्यांना विचारूनच ठरवायची. समितीत नाव आलं रूपाबाईचं. कुणी घातलं, कुणास ठाऊक. नायकाची सून म्हणून आलं असेल, असं सगळे समजले.

तांड्यात दोन ओळी. खालची रस्त्यालगत, नायकाच्या भाऊबंदांची. वरची माळावर, ऊसतोडीला जाणाऱ्या गरिबांची. टाकी माळावर बांधली तर पाणी दोन्ही ओळींना मिळणार, खाली बांधली तर वर चढणार नाही. एवढं शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण वर पाइप न्यायचा तर खडक फोडायला घरटी एक माणूस द्यावा लागणार होता, अन् खालच्यांना ते नको होतं.

जागा ठरवायच्या मीटिंगच्या आदल्या दिवशी वरच्या ओळीतली लक्ष्मीबाई झऱ्यावर भेटली. दोघी एकाच साली लग्न होऊन आलेल्या, जिवाभावाच्या.

"रूपा, आमाला कोन इचारतंय? तू हायेस तिथं. बोलशील ना?"

"बोलते की! कुणाच्या बापाला भेते का मी?" रूपाबाई म्हणाली.

मीटिंग भरली. नळयोजनेचे साहेब आले. खालच्यांनी खालचीच जागा रेटली. वसराम नायकानं सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बायांचं काय म्हननं हाय, ते बी ऐकू."

साहेब रूपाबाईकडं वळले. समोर सासरा. तिनं रीत पाळली. शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या, देविदासच्या कानात पदराआडून कुजबुजली, "टाकी वर पाहिजे. साऱ्या बाया तेच म्हनून राहिल्या."

देविदास उठला. चुलत्यांच्या तोंडाकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं, अन् म्हणाला, "तिला खालची जागा मंजूर हाय."

अरे देवा! रूपाबाईचे कान तापले. उठून 'खोटं हाय' म्हणायला कितीसा वेळ लागला असता? पण चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचं, तेही सासऱ्यापुढं? ती बसून राहिली. साहेबांनी विचारलं, "नक्की ना, बाई?" तिचा पदर जरासा हलला. साहेबांनी तो होकार धरला.

टाकी खाली झाली. वरच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन चढ चढत राहिल्या. लक्ष्मीबाई नळावर आली की रूपाबाईकडं पाठ करून हंडा भरायची. एकदा हाक मारली तर म्हणाली, "तुमी नायकाच्या घरच्या. तुमचं बराबर हाय." एवढ्या वर्षांच्या मैत्रिणीनं 'तुमी' म्हणावं, हे रूपाबाईच्या काळजाला लागलं. घरी देविदासशी ती कडाकडा भांडली. तो एकच म्हणायचा, "चुलते तुटले असते." खरं काय झालं ते लक्ष्मीबाईला सांगायला मात्र तिची जीभ रेटेना, नवऱ्याची अब्रू आड यायची. सांगू, सांगू म्हणता राहूनच गेलं. एका पावसाळ्यात चढावर पाय घसरून लक्ष्मीबाईचं कंबरडं मोडलं, अन् तिच्या लेकानं तिला उचलून कायमचं कुरुंद्याकडं नेलं.

पुढं काही वर्षांनी वसराम नायकानं खाट धरली. रूपाबाई त्याला पेज भरवायची, पदर तसाच ओढलेला. एके दुपारी म्हातारा म्हणाला, "पोरी, त्या दिवशी खालची जागा काहून मंजूर केलीस? समितीत तुझं नाव मीच दिलं व्हतं. भाऊबंदांना मी तोंडावर न्हाई कसं म्हनू? मला वाटलं, बाजारात बोलतीस तशी तू बोलशील, मंग मी म्हनीन, बायाच म्हनून राहिल्या, माझा इलाज न्हाई."

रूपाबाईनं वाटी खाली ठेवली. सवयीनं तिनं मान वळवली, देविदासला सांगायला. दारात बसलेला देविदास खाली मान घालून उठला अन् बाहेर निघून गेला.

मग ती बोलली, लग्न झाल्यापासून सासऱ्याशी पहिल्यांदाच. "मामा, मी वरच म्हनले व्हते."

"कुनाला?"

"ह्यांच्या कानात."

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. मग म्हणाला, "मी तर समोरच बसलो व्हतो, पोरी."