सोनालीच्या नावानं आलेला मेसेज

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईलाही नाही. देवापुढं हात जोडले आणि हा विषय मनात आला, तर मी घाईघाईनं पुढच्या मागणीकडं वळते. तुम्ही माझे कोण, मला ठाऊक नाही — म्हणूनच कदाचित तुमच्यापाशी बोलवतंय.

बचत गटाच्या मेळाव्यांत मी बोलते. साताऱ्यात, कधी सांगलीला. बरं बोलते म्हणतात. मागच्या महिन्यात सांगलीला कॉलेजातल्या एका पोरीनं उठून विचारलं, पुढं बायका खरंच मोकळ्या होतील का? मी म्हटलं, होतील, आता कोण अडवणार आहे? टाळ्या पडल्या. आणि त्या टाळ्यांतच मला आमच्या गावाखालचा कालव्याचा रस्ता दिसायला लागला — धुकं, आणि धुक्यातनं येणारी पावलं.

सोनाली पळायची. माझी धाकटी नणंद. मी लग्न होऊन आले तेव्हा ती शाळेत होती, माझ्याच हातची वेणी घालून जायची. मोठी झाली आणि भावाची जुनी ट्रॅक पँट नाडीनं आवळून पोलीस भरतीसाठी रोज पहाटे पळायला लागली. मी मागच्या दारी म्हशीची धार काढत बसलेली असायची. ती आधी दिसायचीच नाही, नुसता आवाज. मग पांढुरकं काहीतरी हलायचं. मग ती. मला तेव्हा काय व्हायचं, सांगू? वाटायचं, पळतेय ती मीच. माझेच पाय, माझाच दम. दूध चरवीबाहेर जायचं तरी कळायचं नाही मला.

सासऱ्यांनी तिला सांगून ठेवलं होतं, "एक डाव बघ. न्हाई झालं तर गुमान लग्नाला उभं ऱ्हायचं." साताऱ्याला नेट कॅफेत जाऊन फॉर्म तिनं एकटीनं भरला, स्वतःच्या हातानं. केवढी ऐट होती त्या दिवशी! आमच्या घरात पोरींना फोन द्यायची पद्धत नव्हती, म्हणून फॉर्मवर नंबर दिला माझा. आईचा नाही, भावाचा नाही — माझा.

मेसेज आला तेव्हा मी भाकरी थापत होते. पिठाच्या बोटानं उघडला. मैदानी चाचणी, पुढच्या गुरुवारी. दोनदा वाचला. आणि — पुसून टाकला.

का? ती गेली तर घरचं सगळं माझ्या एकटीच्या अंगावर पडेल म्हणून? हे कारण मी बरीच वर्षं स्वतःला देत आले, कारण त्यातल्या त्यात ते बरं दिसतं. पण ते खरं नाही. बारावीला मी तालुक्यात पहिली आले होते, आणि निकाल लागला त्याच आठवड्यात माझी सुपारी फुटली. जे मला मिळालं नाही ते हिला मिळणार, आणि तेही माझ्याच हातातल्या फोनवर — मला सोसलं नाही. मत्सर. दुसरा शब्द नाही त्याला. मग माझी तिच्यावर माया नव्हती का? होती हो. त्याच संध्याकाळी मी तिचे केस विंचरून दिले.

रोज विचारायची, "वैनी, आला का वं मेसेज?"

"न्हाई अजून," मी म्हणायची. आठ दिवस म्हणत राहिले. त्या गुरुवारीही ती नेहमीसारखी पळून आली, घामानं निथळत. मी तिला गूळ घालून दूध दिलं. का दिलं असेल?

पलीकडच्या गल्लीतल्या मैत्रिणीला तारीख मिळाली, तशी ही साताऱ्याला त्याच कॅफेत चौकशीला गेली. तिची तारीख उलटून चार दिवस झाले होते. येऊन उंबऱ्यात बसली. रडली नाही. स्वतःच्या बोटांकडं बघत म्हणाली, "नंबर लिवताना माझ्याच हातनं चुकलं असंल, वैनी. एखादा आकडा."

फॉर्मची प्रत माझ्या कपाटात होती, साड्यांखाली. तिनंच ठेवायला दिलेली. नंबर बरोबर होता, अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत. आणि मी काय म्हणाले? "असंल." दुसऱ्या दिवशी ती प्रत मी आंघोळीचं पाणी तापवताना चुलीत घातली. तिनं मागितली तेव्हा म्हटलं, सापडत नाही.

उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, आटपाडीला दिली. सासर वाईट नाही, डाळिंबाची बाग आहे, नवरा शब्दानं दुखवत नाही. पहाटे कधी मला वाटतं, कालव्याच्या रस्त्यावरनं अजून कुणीतरी येतंय. मी हात थांबवून ऐकते. कुणी नसतं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. सोनाली आता कुठलाच कागद स्वतः भरत नाही. बँकेचा नाही, रेशनचा नाही. पेन नवऱ्याकडं देते आणि हसून बाजूला बसते. मागच्या दिवाळीत माहेरी आली होती. लेकीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाली, "तुमीच भरा, वैनी. माझ्या हातनं चुकतंय."

ती शेजारी बसली होती. मी पेन उघडलं आणि अर्ज भरून दिला.