मदतीच्या रकान्यात

टोपवाली मावशी केस विणते. माणसाचे केस, जाळीवर, आकडीच्या सुईने, एकेक. कपाळाशी अशी गाठ मारते की टोप घातलेला माणूस आरशासमोर क्षणभर स्वतःलाच फसतो. आजारात केस गेलेल्या बाया आधी तिच्याकडे रडत यायच्या. आता परदेशातूनही मागणी येते. गिऱ्हाईक पैसे धाडतं, मावशी कोपऱ्यावरच्या मनी ट्रान्सफरच्या दुकानात ओळखपत्र दाखवून ते उचलते. खिडकीतला कारकून कागद भरतो, ती सही ठोकते. कागद तिने कधी वाचला नाही. बारीक काम तिला केसांतच पुरे होतं.

आज ती बँकेत गेली होती. कामासाठी उजेडाची एक खोली घ्यायची, तर कर्ज हवं. साहेबाने पैसे उचलल्याचे कागद चाळले आणि म्हणाला, "उत्पन्न कुठाय? ही तर सगळी मदत. परदेशातले नातेवाईक तुम्हाला पोसतात."

पोसतात. हा शब्द घेऊनच ती तरातरा दुकानात आली. मागोमाग सून.

"काय लिहितोस रे माझ्या कागदावर?"

"कारण: कुटुंबाला मदत," कारकून म्हणाला.

"आणि नातं?"

तो घुटमळला. "कधी बहीण. कधी भाची. मागच्या खेपेला आत्या."

सुनेला हसू आवरेना. "आई, एवढा मोठा गोतावळा आणि एकजण कधी जेवायला आला नाही."

"मावशी, ही सोय घरच्या माणसांसाठी आहे. धंद्याचे पैसे म्हटलं की मशीन अडवतं. तुमचा हेलपाटा वाचावा म्हणून केलं. आजही पैसे आलेत, सही करा नि मोकळ्या व्हा."

"माझी मान वाकडी झाली ती कुणाची भाची होऊन? मी कुणापुढे हात पसरलाय?"

"मग धंद्याचं खातं काढा. त्याला वेळ लागतो. तोवर हे पैसे परत जातील."

सून तिच्या कानाशी लागली. "आई, घरात विणायला केस उरले नाहीत. घ्या मुकाट्यानं. काहीही लिहिलं तरी नोट काही आंबत नाही."

खरं होतं ते. केस आणायचे तर हेच पैसे हवेत. मावशीने खिडकीतल्या नोटांकडे पाहिलं. एवढी वर्षं ती लोकांची उघडी डोकी झाकत होती आणि इथे एका बोटाच्या टिचकीने तिला आश्रित करून ठेवलं होतं. तिच्या डोळ्यांदेखत, तिच्याच सहीने.

"पाठव परत."

सुनेने कपाळावर हात मारला. कारकुनाने खांदे उडवले, बटणं दाबली, कागद पुढे सरकवला. "इथे सही."

"आधी मोठ्यानं वाच."

त्याने वाचलं, "नातेवाइकाने मदत नाकारली."

मग सूनच पुढे झाली. आवाज खाली, पण धार लावलेला. "त्या टोपाच्या निम्म्या गाठी माझ्या आहेत. मी कुणाची कोण लागते ते पण लिहिलंय का?"

"वहिनी, मशीनमध्ये दुसरा पर्यायच नाही. मी काय करू?"

"मालकाला बोलाव," मावशी म्हणाली.

"ते संध्याकाळी येतात."

मावशी भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसली. सही न केलेला कागद मांडीवर.

"सरका जरा," सून म्हणाली आणि तिच्या शेजारी टेकली.