जामीनदार विशाखाबाई

लातूर जिल्हा झाला तेव्हा गावभर पेढे वाटले गेले. विशाखाबाई सोनकांबळे यांनीही शाळेत पोरांच्या हातावर साखर ठेवली. त्याच नव्या जिल्ह्यामुळे आपल्या पगाराला कात्री लागणार आहे, हे त्यांना तेव्हा कुठून ठाऊक असणार?

विशाखाबाईंचं माहेर लोह्याजवळच्या एका खेड्यात. छप्पन साली घरानं धम्म घेतला आणि पुढच्या वर्षी झालेल्या पोरीचं नाव विशाखा ठेवलं. बहात्तरच्या दुष्काळात ही पोर आई धुरपताबाईच्या जोडीनं रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. संध्याकाळी हाताला फडकी गुंडाळून पुस्तक धरायची. डी.एड. झाली, लातूरला प्राथमिक शाळेत लागली. घराण्यातला पहिला सरकारी पगार तिचा. पुढं लग्न झालं, नवरा भुजंग एसटीत कंडक्टर. दोघांचं बरं चाललं होतं.

शाळेत श्रीपाद गुरुजी म्हणून जुने शिक्षक होते. गोरे, उंच, स्वच्छ धोतर आणि मोत्यासारखं अक्षर. विशाखाबाई नोकरीला आल्या तेव्हा त्यांना लातुरात खोली मिळेना. आडनाव सांगितलं की खोली 'कालच गेली' असायची. गुरुजी स्वतः त्यांच्याबरोबर चालत एका ओळखीच्या घरी गेले आणि मालकाला म्हणाले, "या आमच्या शाळेच्या बाई. यांना खोली द्यायचीय." खोली मिळाली. ही गोष्ट गुरुजींनी पुन्हा कधी तोंडातून काढली नाही. शाळेतले बाकीचे मात्र अधूनमधून काढायचे.

गुरुजींच्या मुलीचं, इंदूचं लग्न ठरलं. मुलाकडच्यांची मागणी मोठी होती. गुरुजींनी शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढलं. त्याला दोन जामीन लागत. एक सही निवृत्तीला आलेल्या एका मास्तरांची झाली. दुसऱ्या सहीसाठी गुरुजी मधल्या सुट्टीत कागद घेऊन विशाखाबाईंपुढं उभे राहिले.

"बाई, एक सही लागेल. नुसती आपली पद्धत आहे म्हणून."

विशाखाबाईंनी कागद वाचलाही नाही. घरी सांगितल्यावर भुजंग जेवता जेवता थांबला.

"मला विचारायचं तरी."

"त्यांना नाही कसं म्हणू? तुम्हीच सांगा."

भुजंगनं ताट पुढं ओढलं. तो पुन्हा जेवायला लागला.

वर्षभर गुरुजींच्या पगारातून हप्ता बिनबोभाट कापला गेला. मग जिल्हा फुटला. कोण इकडं, कोण तिकडं अशी शिक्षकांची वाटणी झाली. गुरुजींचं घर जुन्या जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी होतं. त्यांनी तिकडचीच बदली मागून घेतली. निरोपाच्या कार्यक्रमात विशाखाबाईंनीच त्यांना शाल दिली.

थोड्याच दिवसांत विशाखाबाईंच्या हातात पगार कमी आला. काहीतरी चुकलं असेल म्हणून त्या पतपेढीत गेल्या. तिथले सचिव हणमंतराव तोंडात पान धरून बोलायचे.

"चूक न्हाई बाई. श्रीपाद गुरुजींचा हप्ता हाय. ते थकलेत, म्हणून जामीनदाराकडून वसुली."

"थकले कसे? त्यांचा पगार चालू आहे."

"चालू हाय की. पण तो तिकडच्या जिल्ह्यात. आपला कपातीचा आदेश तिकडं चालंना."

"मग तिकडं लिहा."

"लिहिलंय."

"उत्तर काय आलं?"

"जिल्हा नवीन हाय बाई. जरा दमानं घ्या."

"आणि दुसरे जामीन?"

"ते रिटायर झाले. त्यांचं कशातून कापायचं?"

जिल्हा नवीन आहे, हे वाक्य विशाखाबाईंनी पुढं इतक्यांदा ऐकलं की ते कानावर पडलं तरी त्यांच्या कपाळाची शीर उठायची. नवीन जिल्ह्याला गुरुजींचा पगार सापडत नव्हता. विशाखाबाईंचा मात्र पहिल्या झटक्यात सापडला होता.

त्यांनी गुरुजींना पत्र लिहिलं. उलट टपाली कार्ड आलं. वरती 'चि. सौ. विशाखा हीस अनेक आशीर्वाद', खाली भुजंगरावांची खुशाली, मधे एकच ओळ: 'हप्त्याचे लक्षात आहे, पैसे कुठे पळून जात नाहीत.' दुसऱ्या पत्रालाही असंच गोड उत्तर आलं. तिसऱ्या पत्राला आलंच नाही.

त्याच सुमारास शाळेतल्या काही जणांनी मिळून औसा रोडकडं जमीन बघितली. प्लॉट पाडायचे, पतपेढीनं कर्ज द्यायचं, ज्यानं त्यानं घर बांधायचं. विशाखाबाई आणि भुजंग रविवारी जाऊन कोपऱ्यावरचा तुकडा बघून आले. भुजंगनं पावलांनी मापून दार कुठं, न्हाणी कुठं तेही ठरवलं. अर्ज गेला आणि परत आला. विशाखाबाई थकबाकीत आहेत, त्यांना कर्ज नाही.

"मी एक रुपया उचललेला नाही, हणमंतराव!" विशाखाबाईंचा आवाज चढला. "माझ्या पगारातून तुम्ही दर महिन्याला घेता, आणि वर मीच थकलेली?"

"मागचे थकलेले हप्ते अजून उभेच हायत ना. नियमाला आम्ही काय करावं? कागदावर तुम्ही अन् ते एकच."

कोपऱ्यावरचा प्लॉट दुसऱ्या मास्तरांनी घेतला. येता-जाता त्यांच्या विटा उतरताना दिसायच्या.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी विशाखाबाई एसटीनं गुरुजींच्या गावी गेल्या. वाटेत काय बोलायचं ते ठरवलं होतं. चार कठोर वाक्यं पाठ केली होती. गुरुजींनी दारातच "या, या, बाई" केलं. पाट मांडला. चहा घेऊन इंदू आली. लग्न झालेली पोरगी अशी आड दिवशी माहेरी, गळा मोकळा, नजर जमिनीवर. गुरुजींच्या बायकोनं डोळ्यांनीच खूण केली, विचारू नका. नंतर आतल्या खोलीत नेऊन हळूच सांगितलं. सासरच्यांनी अंगावरचं काढून घेऊन परत पाठवलं होतं. कोर्टात पैसा जात होता.

विशाखाबाईंची चारही वाक्यं तशीच राहिली. चहा पिऊन, पोहे खाऊन, इंदूच्या पाठीवर हात फिरवून त्या परत निघाल्या. बसमध्ये बसल्यावर मात्र आतून पेटल्या. इंदूवर नाही, गुरुजींवरही पुरत्या नाही. स्वतःवरच. पगार गुरुजींचाही येत होता. वकिलाला देत होते, वाण्याला देत होते. फक्त विशाखेलाच थांबवता येत होतं, कारण ती थांबणारी होती.

पुढं पाऊस ओढ देऊ लागला. लोह्याकडं विहिरी तळाला गेल्या, हाताला काम उरलं नाही, आणि धुरपताबाई एक बोचकं घेऊन लेकीकडं लातूरला आली. लातुरात तरी पाणी कुठं होतं? म्हातारी दिवसभर टँकरच्या रांगेत घागरी सांभाळत बसायची. एकदा पगाराच्या दिवशी लेक-जावयाची कुरबुर तिनं ऐकली आणि सगळं खोदून विचारलं.

"तू त्याच्या घरी गेलतीस?"

"गेले होते."

"मंग?"

"त्यांची पोर घरी बसलीय, माय. कसं बोलायचं?"

"म्हंजी च्या पिऊन आलीस." धुरपताबाई म्हणाली. "बहात्तर साली लोह्याच्या दुकानदाराची ज्वारी उचलली व्हती मी. बाजारादिवशी खडीचे पैसे हातात पडले की आधी त्याच्या दुकानात, मंग घरी. एकदा न्हाई गेले, तर त्यो दारात येऊन उभा राहिला. समद्या गल्लीसमोर. म्या त्याला च्या दिला का? देणं डोक्यावर असलं की भाकर नरड्याखाली उतरत न्हाई मला. अन् ह्यो बाबा पोहे खाऊ घालून राहिला तुला!"

"त्यांनी मला खोली मिळवून दिली होती."

"हाव. त्याचं भलं होवो. खोलीचं भाडं तू देत व्हतीस का त्यो?"

पुढच्या सुट्टीला मायलेकी दोघी गेल्या. विशाखाबाई नको नको म्हणत होत्या, पण म्हातारी आधीच जाऊन बसमध्ये बसली. गुरुजींनी पुन्हा "या, या" केलं. धुरपताबाई आत गेली नाही. ओट्यावर फतकल मारून बसली.

"गुरुजी, तुमची लेक दुखात हाय, मला दिसतंय. माझी पण लेक हाय. तिचं घर ऱ्हाऊन गेलं. पैसे घेतल्याबिगर मी उठत न्हाई."

ना शिवी, ना आरडाओरडा. ती नुसती बसून राहिली. ऊन चढलं. शेजारणी दारात येऊन बघायला लागल्या. रस्त्यानं जाणारे थांबायला लागले. गुरुजी आतबाहेर करत होते. "बाई, यांना समजावा," असं ते शेवटी विशाखाबाईंना म्हणाले. विशाखाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांना त्या माणसाच्या तोंडाकडं बघवत नव्हतं, आणि आईला ऊठ म्हणावं असंही वाटत नव्हतं.

इंदूच बाहेर आली. तिनं बापाला सगळ्यांसमोर विचारलं, "दादा, हे माझ्या लग्नाचे पैसे आहेत का?"

गुरुजी वळले. आत गेले, घरात होते तेवढे पैसे आणून ओट्यावर ठेवले. उरलेल्यांसाठी दर महिन्याला मनीऑर्डर करीन म्हणाले. धुरपताबाईनं पैसे पदरात बांधले आणि उठताना गुरुजींच्या बायकोला म्हणाली, "आता पाणी द्या प्यायला."

मनीऑर्डर येऊ लागल्या. पहिल्या कुपनावर आशीर्वाद नव्हते, नुसती सही होती. मधे काही महिने कोरडे गेले, पुन्हा आल्या. पतपेढीचं खातं मिटलं. विशाखाबाईंच्या पदरात त्यांचे बरेचसे पैसे आले, व्याजाचे आलेच नाहीत, ते कोण देणार होतं?

गोष्ट मात्र लातूरच्या शाळेत पोचली होती. "म्हातारीला नेऊन दारात बसवलं म्हणे," स्टाफरूममध्ये कोणी तरी म्हणायचं आणि विशाखाबाई आल्या की विषय बदलायचा. एक जुने मास्तर तोंडावरच म्हणाले, "ज्या माणसानं खोली मिळवून दिली, त्याची अब्रू अशी चारचौघांत काढायची नव्हती, बाई." विशाखाबाईंनी विचारलं, "माझा पगार कापला जात होता तेव्हा तुम्ही कुठं होता, मास्तर?" मास्तरांनी पेपर उघडला. कर्ज बुडवत बसलेला माणूस बिचारा ठरला होता. ज्यांनी ते भरलं, त्या कडक.

पुढं विशाखाबाईंनी रिंगरोडच्या पलीकडं, शेतातल्या वाटेवर प्लॉट घेतला. तोवर भाव इतके वाढले होते की कोपऱ्यावरच्या त्या तुकड्याच्या पैशांत इथं निम्मीच जागा आली. या वेळी कर्ज त्यांचं स्वतःचं होतं. दोन खोल्या उभ्या राहिल्या. भुजंगनं बुद्धाच्या फोटोसाठी भिंतीत कोनाडा ठेवून घेतला. पाऊसपाणी बरं झाल्यावर धुरपताबाई गावी परतली होती. तिला घरभरणीला बोलवायला विशाखाबाई स्वतः गेल्या.

"फिटलं का?" म्हातारीनं विचारलं.

"फिटायला वर्षं लागतात, माय. सगळं जग कर्ज काढूनच घर बांधतं."

"जगाचं जग बघंल. फिटलं की बलाव."

"अगं, मी वेळेवर हप्ते भरते! मी काय कुणाचं बुडवून राहिले का?"

"तसं न्हाई म्हणत मी."

"मग?"

धुरपताबाई शेणाचे हात धुवायला उठली. विशाखाबाई तिथंच उंबऱ्यात बसून रडल्या, संतापानं. एवढं सगळं ज्या बाईमुळं परत मिळालं, तीच आता त्यांच्या दारात पाय ठेवायला तयार नव्हती. म्हातारीनं भाकरी थापल्या, पिठलं केलं, लेकीला वाढलं, पण शब्द मागं घेतला नाही. लातूरची घरभरणी तिच्याशिवाय झाली.

कर्ज फिटलं तेव्हा धुरपताबाईच्या गुडघ्यांनी पार हात टेकले होते. भुजंग तिला एसटीतून घेऊन आला. ती दोन्ही खोल्यांतून भिंतीला धरून फिरली. कोनाड्यापुढं हात जोडले. मग बोअरचं पाणी तांब्याभर प्याली आणि तोंड वाकडं केलं.

"मचूळ हाय गं पाणी. असल्या जागी कशाला घर बांधलंस?"