एर्मेसमामाचं एरंडेल

आमच्या मोदेना गावात मोटारीच्या आवाजावरून गाडी ओळखणारे ढीगभर. वासावरून ओळखणारा एकच, माझा एर्मेसमामा. तरुणपणी तो शर्यतीत ड्रायव्हरच्या शेजारी मेकॅनिक म्हणून बसायचा. तोरिनोच्या कारखान्यातली लाल गाडी, ना छप्पर ना दार. एका हाताने गाडी घट्ट धरायची, दुसऱ्याने पेट्रोलचा पंप मारायचा. शर्यतीच्या इंजिनात तेव्हा एरंडेलच घालत, आणि ते उडून मामा नखशिखांत माखायचा. घरी आला की योलेमामी ओरडायची, "लांब हो! आधी साबण!" आणि मग स्वतःच त्याची पाठ घासून द्यायची.

गाडीच्या मालकाने शर्यती सोडल्या आणि गाडी भंगारात न घालता मामाला देऊन टाकली. मामाला आभाळ ठेंगणं झालं.

पुढे ते काळ्या सदऱ्यांचे फॅसिस्ट गुंड माजले, मेले! मामाने संपवाल्यांचा ट्रक दुरुस्त केला, एवढाच त्याचा गुन्हा. चौघांनी त्याला धरलं, नाक दाबलं आणि त्याच्याच शेडमधलं गाडीचं एरंडेल त्याच्या घशात ओतलं. मामा मरता मरता वाचला. त्याचं धुणं धुऊन धुऊन मामीचे हात सोलवटले. उठून बसल्यावर हा बाबा पहिलं काय म्हणाला? "हरामखोरांनी गाडीचं चांगलं तेल नासवलं!"

मामी हसली नाही. म्हणाली, "यापुढे एरंडेलाचा थेंब माझ्या आवारात यायचा नाही."

मामाने ते पाळलं. युद्ध झालं, गुंडही गेले, तरी गाडी शेडमध्ये मुकीच. दर रविवारी तो तिला पुसायचा. माझा जीव तुटायचा.

"मामा, बाजारात चांगलं तेल मिळतं, ते घाल ना!"

"एरंडेलावर वाढलेली आहे ती, पोरी. दुसरं पाजलंस तर आतडी चिकटतील तिची."

मग मामाच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. मामा मला हळूच म्हणाला, "एकदा गाडीचा आवाज ऐकला, की मी मोकळा. योलेला सांगू नकोस हं."

सांगायची गरजच पडली नाही. मामी तिथेच टेबलाशी सारण भरून तोर्तेल्लिनी वळत होती. तिचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले.

दुसऱ्या दिवशी तिने दुधाची किटली उचलली आणि मला घेऊन औषधाचं दुकान गाठलं.

"एवढं एरंडेल?" दुकानदार म्हणाला. "योलेबाई, अख्ख्या गावाला जुलाब द्यायचाय की काय?"

"मुकाट्याने ओत!"

शेडमध्ये आम्ही मामाला खुर्चीवर बसवलं. किटलीतला वास येताच तो खुर्चीत सरळ झाला. मी मदतीला पुढे झाले तर मामीने मला कोपराने बाजूला सारलं. तिने सगळं तेल स्वतः इंजिनात ओतलं.

"जिचं होतं तिच्याच पोटात जाऊ दे आज," ती म्हणाली.

मी हँडल मारलं. माझा खांदा निखळायचाच राहिला! गाडी खोकली, शिंकली आणि जी गरजली की छपरावरची कबुतरं उडाली. शेडभर निळा धूर आणि तो वास. मामीने पदरासारखा एप्रन नाकाला लावला होता, तो हळूच खाली घेतला. मामा उठून गाडीशी गेला, बॉनेटवर हात फिरवला आणि तेलकट बोटं घेऊन मामीकडे वळला.

"लांब हो! आधी साबण!" मामी ओरडली. ओरडता ओरडता तिला रडू फुटलं.

मामा काही लांब झाला नाही.