बुटातल्या दिव्यांचा पतंग

उमापूरच्या पंचक्रोशीत आमच्या मामाइतका निरुपद्रवी माणूस झाला नाही आणि त्याच्याइतका उपद्रवही कुणी दिला नाही, हे मी जाहीरपणे लिहिते. मेंढरं कोंडली की माणसं हातपाय धुतात. हा पतंगाला दिवे बांधायचा. दिवे कुठले, तर लेकरांच्या चालताना लुकलुकणाऱ्या बुटांतले. तळवा फाडायचा, आतलं इवलं यंत्र काढून शेपटीला बांधायचं; वाऱ्याने हिसका दिला की तांबडा-हिरवा उजेड. त्यामुळे लग्नात नवरा-नवरी सोडून हा लेकरांचे पाय न्याहाळत बसे. "माय, त्या पोराला बूट लई आखूड झालेत बग," असं माझ्या कानात सांगे आणि मी लाजेने मान खाली घाली. दोरा मात्र साध्या सुताचाच. नायलॉन मांजाविरुद्ध मी पत्रक काढलं तेव्हा म्हणाला, "छापलं कावून? मला सांगायचं, गावभर बोंबलून आलो असतो."

मग चोर ड्रोन उडवून घरं हेरतात, असं खूळ आलं. आभाळात दिवे दिसतात म्हणून गाव काठ्या घेऊन गस्त घालू लागलं. मी पत्रक काढलं : 'आभाळात काहीही नाही!' आणि गस्तीत सगळ्यांच्या पुढे कोण? मामा. वरूनही एक राखणदार असावा म्हणून त्याने पतंग बाभळीला बांधून सोडला होता! लोक त्या पतंगालाच भितात, हे मामाच्या गावीही नव्हतं.

एका संध्याकाळी जुन्या कपड्यांवर भांडी देणारा एक परका माणूस लोकांनी धरला. "ड्रोन कुठं लपवलंस बे?" काठ्या उगारलेल्या. मी घसा फोडत होते. माझं पत्रक कुणाच्या तरी वहाणेखाली होतं. मामाने वर पाहिलं, मग त्या माणसाकडे. मामाचं तोंड उतरलं.

"थांबा, त्यो वरचा उजेड माझा हाय."

कुणाला पटेना. मग बाभळीचा दोरा सोडून त्याने पतंग ओढत ओढत त्या भांडेवाल्याच्या पायाशी उतरवला.

"आगं बया, ह्ये तर आमच्या बाळ्याच्या बुटातलं!" एक बाई ओरडली, आणि काठ्या खाली आल्या.

"पाव्हणं, चूक माझी," मामा म्हणाला. "चला, भाकर खाऊ."

त्यानंतर त्याने पतंग उडवला नाही. विचारलं तर टोपी उडून जाईल अशा वाऱ्यात म्हणतो, "वारा न्हाई, माय." मला संताप येतो. काठ्या उगारणाऱ्यांनी काय सोडलं? यानेच का सोडावं?

परवा माझ्या भाचीचे बूट तोकडे झाले, ते मी त्याला नेऊन दिले. त्याने टिचकी मारून पाहिली. "चालू हायेत," म्हणाला आणि दाराजवळच्या खुंटीला टांगून ठेवले. वारा आत शिरला की ते भिंतीवर आपटतात, लुकलुकतात. मामा तेवढंच बघत बसतो.